घरातून येणारी हाक: कॅथलिक कुटुंबात देवाच्या पाचारणाला प्रतिसाद कसा द्यावा

देवाने बोलावले म्हणजे सेमिनरीत (धर्मगुरूंच्या प्रशिक्षणगृहात) किंवा कॉन्व्हेंटमध्ये जायचे, ही समजूत आपल्या धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये) अजूनही खोल रुजलेली आहे. पुनरुत्थानकाळातल्या (ईस्टरच्या काळातल्या) चौथ्या रविवारी, म्हणजे पोप सहावे पॉल यांनी १९६४ मध्ये सुरू केलेल्या पाचारणासाठीच्या जागतिक प्रार्थनादिनी, तरुण मुलामुलींना धर्मगुरू किंवा धर्मभगिनी होण्याचे आवाहन केले जाते, आणि बाकावर बसलेले आईवडील मनातल्या मनात ठरवून टाकतात की हा विषय आपला नाही. आपले जे व्हायचे ते लग्नाच्या दिवशीच होऊन गेले. पण त्याच १९६४ साली, २१ नोव्हेंबरला, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्तसभेविषयीचा जो दस्तऐवज जाहीर केला, त्याच्या पाचव्या प्रकरणात पावित्र्याचे पाचारण प्रत्येक ख्रिस्ती माणसाला आहे असे स्पष्ट सांगितले आहे. त्याच दस्तऐवजात कुटुंबाला घरातली ख्रिस्तसभा मानले आहे. तेव्हा स्वयंपाकघरात, शेतावर, दवाखान्याच्या रांगेत किंवा विरार लोकलमध्ये आयुष्य काढणाऱ्या माणसालाही देव व्यक्तिशः, नाव घेऊन बोलावतो, ही ख्रिस्तसभेची अधिकृत शिकवण आहे, आणि तिचा स्वीकार केला की लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो: ते बोलावणे ओळखायचे कसे आणि त्याला उत्तर कसे द्यायचे?

माझी खात्री अशी आहे की संसारी माणसाला देवाची हाक बहुतेक वेळा त्याच्याच घरातल्या माणसांच्या गरजांतून येते. ती ऐकण्याची सवय लागली, म्हणजे घराबाहेरच्या मोठ्या कामासाठी बोलावणे आले तर तेही ओळखता येते. घरातली हाक टाळून मात्र बाहेरची हाक नीट ऐकू येत नाही.

दिलेल्या वचनापासून सुरुवात करावी

नवे काही शोधण्याआधी, आपण देवासमोर आधीच काय कबूल केले आहे ते पाहावे. विवाह संस्काराच्या वेळी वधूवर सुखात आणि दुःखात, आजारपणात आणि आरोग्यात एकनिष्ठ राहण्याचे वचन देतात. त्याआधी, देव जी मुले देईल ती प्रेमाने स्वीकारून त्यांना ख्रिस्ताच्या आणि ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीनुसार वाढवाल का, असे त्यांना विचारले जाते. बाळाच्या स्नानसंस्काराच्या वेळी आईवडिलांना पुन्हा, श्रद्धेत वाढवण्याच्या जबाबदारीची जाणीव आहे का, असा प्रश्न केला जातो. ही उत्तरे आपण मोठ्याने, साक्षीदारांसमोर दिलेली असतात.

एखाद्या रविवारी दुपारी पतीपत्नींनी हा विधीचा मजकूर धर्मग्रामाच्या कार्यालयातून मागून घ्यावा आणि घरी शांतपणे मोठ्याने वाचावा. मग एका वहीत आपल्या जबाबदारीत असलेल्या प्रत्येक माणसाचे नाव लिहावे: नवरा किंवा बायको, मुले, सासूसासरे, आईवडील, एकटी राहणारी आत्या, कामाला येणारी बाई. प्रत्येक नावापुढे एकाच प्रश्नाचे उत्तर लिहायचे आहे: या माणसाला या वर्षी माझ्याकडून असे काय हवे आहे, जे दुसरे कोणी देऊ शकणार नाही? पैसे बहुधा दुसरेही देऊ शकतात. दहावीच्या मुलाच्या शेजारी न रागावता बसणे, विस्मरण झालेल्या वडिलांचा तोच प्रश्न पुन्हा ऐकून घेणे, दोन वर्षे न बोललेल्या भावाला फोन करणे, ही कामे दुसऱ्या कोणाच्या नावावर टाकता येत नाहीत.

१६०९ मध्ये जिनिव्हाचे बिशप संत फ्रान्सिस दे सेल्स यांनी संसारी लोकांसाठी भक्तिजीवनावर एक ग्रंथ लिहिला, आणि त्यात हा मुद्दा त्यांनी अत्यंत स्पष्ट केला. बिशपने एकांतवासी संन्याशासारखे राहायचे ठरवले, विवाहित माणसांनी कपुचिन भिक्षूंप्रमाणे काहीच साठवायचे नाही असे ठरवले, किंवा कारागिराने व्रतस्थाप्रमाणे दिवसभर देवळात बसायचे ठरवले, तर ती भक्ती विपरीत ठरेल, असे ते म्हणतात. प्रत्येकाची भक्ती त्याच्या जीवनावस्थेला आणि त्याच्या शक्तीला शोभणारी असावी. आपल्याकडेही हे पाहायला मिळते. प्रत्येक नोव्हेनाला (नऊ दिवसांच्या प्रार्थनेला), प्रत्येक प्रार्थना मेळाव्याला हजर असणारी एखादी भगिनी असते आणि घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूला सायंकाळचे औषध द्यायला कोणी नसते. पॅरिश कौन्सिलच्या एकाही बैठकीला न चुकणारा एखादा बंधू असतो आणि त्याच्या मुलीचा वर्ग कोणता, हे त्याला सांगता येत नाही. धर्मग्रामातील सेवा मोलाची आहे, तिच्यावाचून कोणतेही देऊळ चालणार नाही. तरीही देव स्वतःच्याच नावाने दिलेले आधीचे वचन मोडायला लावून नवे काम सोपवत नाही, आणि जे बोलावणे आपल्याला घरच्या माणसांपासून पळ काढायला मदत करते त्याची दुप्पट काळजीपूर्वक पारख करावी.

ऐकण्यासाठी जागा ठेवावी

बायबलमध्ये बालक शमुवेलाला रात्री हाक येते, तेव्हा ती त्याला वृद्ध एलीची वाटते आणि तो उठून त्याच्याकडे धावतो. असे तीनदा होते. तिसऱ्या वेळी एलीच्या लक्षात येते की मुलाला परमेश्वर बोलावत आहे, आणि तो त्याला उत्तर कसे द्यायचे ते शिकवतो. देवाची हाक रोजच्या ओळखीच्या आवाजासारखी वाटू शकते, आणि ती ओळखायला दुसऱ्या अनुभवी माणसाची मदत लागते, हे दोन्ही धडे घरासाठी फार उपयोगी आहेत.

ज्या घरात रोज संध्याकाळी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, होते, तिथे अर्धे काम झालेलेच आहे. रोझरी संपल्यावर ताबडतोब टीव्ही किंवा मोबाइल सुरू न करता दहा मिनिटे सर्वांनी तसेच बसून राहावे आणि येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लॉयोला यांनी शिकवलेले दिवसाचे परीक्षण करावे. त्याचा क्रम सोपा आहे. आधी आज मिळालेल्या गोष्टींबद्दल देवाचे आभार मानायचे; मग स्वतःचे खरे रूप दिसावे म्हणून प्रकाश मागायचा; त्यानंतर सकाळपासूनचा दिवस तासातासाने आठवून कुठे प्रेमाने वागलो आणि कुठे पाठ फिरवली ते पाहायचे; जे चुकले त्याची क्षमा मागायची; आणि उद्याच्या एका ठरावीक प्रसंगासाठी कृपा मागायची. यात संसारी माणसाने एक प्रश्न आवर्जून घालावा, तो असा की आज मला कोणी हाक मारली आणि मी ‘थांब जरा’ म्हणालो. मुले लहान असतील तर त्यांच्यासाठी पहिली आणि शेवटची पायरी पुरेशी आहे. पाच वर्षांच्या मुलाकडून पापांची उजळणी करून घेण्याची काहीच गरज नाही.

सर्वांना संध्याकाळ मिळत नाही, हे उघड आहे. पहाटेची लोकल पकडून रात्री नऊला घरी येणाऱ्याने हे परीक्षण परतीच्या गाडीत डोळे मिटून करावे. रात्रपाळीच्या परिचारिकेने ड्युटी संपल्यावर करावे. ज्यांच्या वाडीत पहाटे फुले खुडायची असतात, त्यांनी हात चालू असताना कालचा दिवस आठवावा. वेळ कोणतीही चालेल, परंतु ती ठरलेली असावी, कारण ‘जमेल तेव्हा’ ठरवलेली प्रार्थना थकलेल्या दिवशी हमखास सुटते आणि नेमकी त्याच दिवशी तिची गरज असते.

परीक्षणानंतर वहीत एकच ओळ लिहावी आणि ती कोणाला दाखवू नये. महिन्याने त्या ओळी सलग वाचल्या की कोणते नाव, कोणते काम, कोणती अस्वस्थता पुन्हा पुन्हा आली आहे ते दिसू लागते. एका दिवसाच्या भावनेवरून निष्कर्ष काढू नये. यासोबत शनिवारी रात्री रविवारचे शुभवर्तमान घरात कोणीतरी मोठ्याने वाचावे, म्हणजे मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) ते ऐकताना आपल्या मनाला आधीच एखादे वाक्य भिडलेले असते.

ही हाक देवाची की माझ्या मनाची?

हा सर्वांत कठीण भाग आहे, आणि इथे घाई करणाऱ्यांचे नुकसान होते. १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने इग्नेशियसचा पाय मोडला. घरी पडून असताना त्याला वाचायला ख्रिस्ताचे आणि संतांचे चरित्र मिळाले. आपल्या मनात दोन प्रकारची स्वप्ने येतात हे त्याच्या ध्यानात आले: दरबारी पराक्रमाची स्वप्ने येताना गोड वाटत, पण नंतर मन कोरडे पडे, संतांसारखे जगण्याचे विचार आले की त्यांचा आनंद विचार संपल्यावरही टिकून राही. या निरीक्षणातून त्याने आत्म्यांची पारख करण्याचे नियम तयार केले. त्यांतले काही घरगुती निर्णयांना जसेच्या तसे लागू पडतात.

पहिली गोष्ट, निवड दोन चांगल्या पर्यायांमध्येच करायची असते. जे पाप आहे, किंवा जे कर्तव्य आहे, त्याविषयी ‘देवाची इच्छा काय असेल’ असा विचार करत बसायचे नसते. दारूपायी घर बुडवणे सोडावे की नाही, म्हातारीला जेवण द्यावे की नाही, हे प्रश्न पारखीचे नाहीत. आखातातली नोकरी घ्यावी की कमी पगारात इथेच राहावे, बाईंनी शाळेतली नोकरी सोडून काही वर्षे घरी थांबावे की आजीच्या मदतीने नोकरी चालू ठेवावी, धर्मशिक्षणाचा वर्ग घ्यावा की आजारी लोकांच्या भेटींचे काम स्वीकारावे, हे पारखीचे प्रश्न आहेत.

दुसरी गोष्ट अशी की मन उदास, कोरडे आणि अंधारलेले असताना आधी शांत मनाने घेतलेला निर्णय बदलू नये. इग्नेशियसचा हा नियम कितीतरी घरांना वाचवू शकेल. भांडणाच्या रात्री, परीक्षेच्या निकालाच्या दिवशी, सावकाराचा माणूस दारात येऊन गेल्यावर आयुष्याच्या दिशेविषयी काही ठरवू नये. त्या दिवशी प्रार्थना थोडी वाढवावी आणि झोपावे.

तिसरी गोष्ट पर्याय तपासून पाहण्याची आहे. इग्नेशियसने सुचवलेली एक रीत अशी: अगदी अनोळखी माणूस हाच प्रश्न घेऊन आपल्याकडे आला आहे अशी कल्पना करावी, त्याचे भले व्हावे अशी मनापासून इच्छा धरावी, आणि त्याला काय सल्ला देऊ ते पाहून तेच स्वतः करावे. दुसरी रीत मृत्युशय्येची: त्या वेळी मी कोणता निर्णय घेतलेला असावा असे मला वाटेल? यांच्या जोडीला अनेक आध्यात्मिक मार्गदर्शक आणखी एक रीत सांगतात, ती अशी की काही दिवस पहिला निर्णय झालाच आहे असे समजून वावरावे, नंतर तितकेच दिवस दुसरा झाला आहे असे समजावे, आणि प्रत्येक वेळी प्रार्थनेत मन कसे राहते ते लिहून ठेवावे.

देवाच्या हाकेसारखे वाटणारे इतर आवाजही ओळखून ठेवले पाहिजेत. अपराधीपणाची टोचणी हा त्यांतला पहिला. ती माणसाला सतत धावायला लावते आणि कोणतेही काम पुरेसे झाले असे वाटू देत नाही. ‘लोक काय म्हणतील’ हा दुसरा. शेजारच्या घराण्यातला मुलगा धर्मगुरू झाला म्हणून आपल्याही घरात एक हवा, ही इच्छा तिसरी, आणि ती भक्तीचा वेष घेऊन येत असल्यामुळे लवकर ओळखू येत नाही. देवाचा आवाज मागणी कठीण करतो, तरी आत खोलवर शांती ठेवून जातो, आणि तो आपल्याला अधिक नम्र, अधिक मोकळे करतो. ज्या विचाराने झोप उडते, भीतीने छाती भरून येते, देव आपल्याला शिक्षाच करणार असे आठवडेच्या आठवडे वाटत राहते, तो विचार घेऊन धर्मगुरूंकडे जावेच, शिवाय डॉक्टरांकडेही जावे. मनाच्या आजारावर उपचार घेण्यात श्रद्धेची काहीच उणीव नाही.

शमुवेलाला एली लागला, तसा आपल्यालाही कोणीतरी लागतो. प्रायश्चित्त संस्कारासाठी (कन्फेशनसाठी) शक्य तर दर महिन्याला एकाच धर्मगुरूंकडे जावे, म्हणजे त्यांना आपली वाट माहीत होते. एखादी अनुभवी धर्मभगिनी, स्नानसंस्कारातले धर्ममायबाप, किंवा समंजस विवाहित जोडपे हेही मार्गदर्शक होऊ शकतात. मार्गदर्शकाने निर्णय द्यायचा नसतो, आपल्याला जे ऐकू येते आहे ते स्पष्ट करायला मदत करायची असते.

पतीपत्नींनी मिळून

फ्रान्समधील आलाँसाँ गावच्या लुई मार्टिन यांना तरुणपणी आल्प्स पर्वतातल्या ग्रेट सेंट बर्नार्ड मठात जायचे होते. लॅटिन येत नसल्यामुळे त्यांना प्रवेश मिळाला नाही. झेली गेरँ यांना धर्मभगिनी व्हायचे होते. त्यांनाही नकार मिळाला. लुई घड्याळजी झाले, झेली त्या गावची प्रसिद्ध लेस विणू लागल्या, आणि १३ जुलै १८५८ रोजी दोघांचे लग्न झाले. त्यांना नऊ मुले झाली, चार बालपणीच गेली, आणि पाच मुली वाढल्या. धाकटी म्हणजे लिझ्यूची संत तेरेजा. झेलींच्या लेसचा व्याप वाढला तेव्हा १८७० मध्ये लुईंनी आपले घड्याळाचे दुकान भाच्याला विकले आणि पत्नीच्या व्यवसायाची विक्री आणि प्रवास स्वतःकडे घेतले. एकोणिसाव्या शतकातल्या पुरुषाने बायकोच्या कामासाठी स्वतःचा धंदा सोडला, यात मला त्यांच्या संतपणाची सर्वांत ठसठशीत खूण दिसते. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी या दोघांना एकत्र संतपद दिले.

आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांनाही हवे ते दार आधी उघडले नाही. येशूसंघीयांबरोबर जपानमध्ये सेवा केल्यावर त्या संघात प्रवेश मिळाला नाही, म्हणून त्यांनी व्यापार केला. पुढे मनिलात ते फ्रान्सिस्कन बंधू झाले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर हुतात्मा झाले. बंद झालेल्या दारासमोर जे वर्षानुवर्षे कुढत बसतात त्यांनी या तिघांकडे पाहावे.

जोडप्याने पारख करायची ती अशी. महिन्यातला एक ठरावीक दिवस राखून ठेवावा, मुले झोपल्यावर फोन बाजूला ठेवून बसावे. आधी एकाने आपल्या मनातले बोलावे आणि दुसऱ्याने फक्त ऐकावे. उत्तर, उपाय किंवा समर्थन त्या वेळी देऊ नये. मग भूमिका बदलाव्यात. एखादा मोठा प्रश्न पुढे आला असेल तर आठवडाभर दोघांनी वेगवेगळी प्रार्थना करावी आणि मगच पुन्हा बसावे. दोघांपैकी एकाचे मन शांत नसेल आणि तातडी नसेल, तर निर्णय पुढे ढकलावा. ‘मला देवाने सांगितले आहे’ हे वाक्य जोडीदाराचे तोंड बंद करण्यासाठी कधीही वापरू नये. जोडीदार दुसऱ्या धर्माचा असेल किंवा श्रद्धेपासून दूर गेला असेल, तर त्याला प्रार्थनेला ओढून बसवू नये. त्याच्या मताला पूर्ण मान देऊन निर्णय मिळूनच घ्यावेत, आणि आपली प्रार्थना आपण चालू ठेवावी.

मुलांचे पाचारण

कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ आईवडिलांना सांगतो की मुलांच्या पाचारणाचा आदर करा, त्याला प्रोत्साहन द्या, आणि ख्रिस्ताच्या मागे जाणे हे त्यांचे पहिले पाचारण आहे हे ध्यानात ठेवा. निवड करणे हे आईवडिलांचे काम नाही, अडवणेही नाही. थॉमस अक्वायनस डोमिनिकन संघात गेले तेव्हा त्यांच्या घरच्यांनी त्यांना धरून आणले आणि सुमारे वर्षभर घरात डांबून ठेवले. त्याने काहीही साधले नाही.

लहानपणापासून मुलांना ‘मोठेपणी कोण होणार?’ याऐवजी ‘आज वर्गात कोण एकटे बसले होते?’ असे विचारत राहावे. दुसऱ्याची गरज दिसणे ही पाचारण ऐकण्याची पूर्वतयारी आहे. आपण स्वतः नोकरी, लग्न, स्थलांतर यांचे निर्णय कसे घेतले, कुठे प्रार्थना केली, कुठे घाबरलो, हे मुलांना वेळोवेळी सांगावे. नर्स, शेतकरी, शिक्षक, अविवाहित राहून समाजकार्य करणारी मुलगी, या सर्वांची नावे घरातल्या प्रार्थनेत धर्मगुरू आणि धर्मभगिनींच्या बरोबरीने यावीत.

मुलाने किंवा मुलीने व्रतस्थ जीवनाची इच्छा बोलून दाखवली, तर लगेच नातेवाइकांत जाहीर करू नये आणि थट्टाही करू नये. धर्मगुरूंची भेट घालून द्यावी, पाचारण शिबिराला पाठवावे, हाती घेतलेले शिक्षण पूर्ण करू द्यावे, आणि मधल्या काळात घरची कामे नेहमीप्रमाणे सांगत राहावीत. नवे कलम लावल्यावर मुळे धरली की नाही हे पाहायला कोणी ते रोज उपटत नाही. मुलालाही रोज ‘अजून नक्की आहे ना?’ असे विचारू नये.

सेमिनरीतून किंवा कॉन्व्हेंटमधून परत आलेल्या मुलांविषयी विशेष सांगायला हवे. आपल्या गावांत अशा परतीला अजूनही शरम चिकटते, आणि ती शरम अन्यायकारक आहे, कारण प्रशिक्षणाची वर्षे पारखीसाठीच असतात आणि परत येणे हे त्या पारखीचे एक प्रामाणिक उत्तर असते. मार्टिन दांपत्याची मुलगी लेओनी तीनदा मठातून परत आली, आणि १८९९ मध्ये चौथ्यांदा काँ शहरातल्या मठात गेली ती १९४१ मधील मृत्यूपर्यंत तिथेच राहिली. परतलेल्या मुलाला घरच्यांनी दारात मिठी मारावी, त्याची खोली तयार ठेवावी, आणि लग्नाची स्थळे किंवा स्पष्टीकरणे मागण्यापूर्वी त्याला काही महिने शांतपणे राहू द्यावे.

होकार लहान आणि मुदतीचा असावा

पारख झाल्यावर उत्तर द्यायचे ते कृतीने. ‘यापुढे मी चांगला बाप होईन’ हा संकल्प मोजता येत नाही आणि म्हणून टिकत नाही. ‘ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळाच्या चाळीस दिवसांत रोज रात्रीचे जेवण मी मुलांसोबत, फोनशिवाय घेईन’ हा टिकू शकतो. शेजारच्या वृद्ध मावशींना रविवारी रिक्षाने मिस्सेला नेणे, शुक्रवारी मांसाहाराचे वाचलेले पैसे संत विन्सेंट डी पॉल संस्थेच्या स्थानिक शाखेला देणे, महिन्यातून एकदा सासऱ्यांना दवाखान्यात घेऊन जाण्यासाठी रजा काढणे, असे एक काम घ्यावे. दोन घेऊ नयेत. नवे काम घेताना कोणते जुने सोडायचे तेही त्याच दिवशी ठरवावे, कारण आईच्या दिवसाला पंचविसावा तास जोडून कोणतेही पाचारण पुरे होत नाही, आणि बहुतेक घरांत तो तास तिच्याच झोपेतून काढला जातो.

घरात आजार, मृत्यू किंवा बेकारी आली असेल, तर त्या काळात नवा संकल्प शोधू नये. आलेले सहन करणे आणि इतरांची मदत स्वीकारणे एवढेच तेव्हा देव मागतो, आणि मदत मागायला शेजारच्या कुटुंबांच्या छोट्या ख्रिस्ती समूहातल्या कोणालाही न संकोचता सांगावे. अंथरुणावर असलेल्या आजीआजोबांनाही या सर्वांत वाटा द्यावा: घरातल्या प्रत्येकाने आपल्या संकल्पाचे नाव त्यांच्या कानावर घालावे, म्हणजे त्यांच्या जपमाळेतला दहा मण्यांचा एकेक भाग त्या त्या माणसासाठी ठेवता येतो.

मुदत संपली की पुन्हा वही उघडून पाहावे. या कामाने घरच्या माणसांवरचे प्रेम वाढले का, प्रार्थना अधिक खरी झाली का, आणि ज्याच्यासाठी केले त्याचे खरोखर काही भले झाले का? उत्तरे होकारार्थी असतील तर पुढच्या मुदतीसाठी तेच काम चालू ठेवावे किंवा थोडे वाढवावे. तसे नसेल तर मार्गदर्शकाशी बोलून ते थांबवावे, आणि थांबवण्याआधी संबंधितांना वेळेवर कळवावे, म्हणजे मावशींना मिस्सेला न्यायची जबाबदारी समूहातले दुसरे कोणी घेऊ शकेल.